एक फाइल, अनेक कुलुपे : युनिक्सच्या भाऊबंदकीची एक शाखा

१/
एका माणसाची सारी पत्रे एकाच फाइलीत, एकाखाली एक साठवायची, अशी युनिक्सवरील टपालाची जुनी रीत होती. नवे पत्र आले की टपाल पोचवणारा प्रोग्राम ते फाइलीच्या तळाशी जोडी. त्याच वेळी फाइलीचा मालक दुसऱ्या प्रोग्राममधून आपली पत्रे वाचत असे, तीन पुसत असे, आणि उरलेली पुन्हा त्याच फाइलीत लिहून ठेवीत असे. या दोन क्रिया एकमेकींत गुंतल्या, की मधल्या क्षणी आलेले पत्र नाहीसे होई. कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नसे. पाठवणाऱ्याच्या लेखी पत्र पोचलेले. घेणाऱ्याच्या लेखी ते कधी आलेच नव्हते.

२/
हा धागा त्या हरवलेल्या पत्रांविषयी आहे, म्हणजेच फाइलींना लावायच्या कुलुपांविषयी. युनिक्सच्या निरनिराळ्या घराण्यांनी ही कुलुपे निरनिराळी घडवली, आणि पुढे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एका कुलपाकडून दुसऱ्याचे सोंग वठवून घ्यावे लागले. सोंग वरवर हुबेहूब वठले, तरी खालचा माणूस बदलत नाही. गोष्टीतील बहुतेक अनर्थ येथूनच सुरू होतात.

३/
आरंभी कुलूपच नव्हते, आणि ते नसणे हा विसराळूपणा नव्हता. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ दि एसीएम’ या नियतकालिकात युनिक्सचा परिचय करून देणारा प्रसिद्ध लेख लिहिला. वापरणाऱ्याला दिसेल असे कोणतेही कुलूप या फाइल-व्यवस्थेत नाही, हे त्यांनी तेथे उघड मांडले आहे. कारणेही दिली आहेत. अशी कुलुपे आवश्यक नाहीत, कारण अनेक स्वतंत्र प्रोसेस मिळून एकच प्रचंड फाइल सांभाळत आहेत, असा प्रसंग त्यांच्यापुढे नव्हता. आणि ती पुरेशीही नाहीत, कारण दोघे जण एकच फाइल संपादित करू लागले आणि संपादक प्रत्येकाला आपापली प्रत काढून देत असला, तर नेहमीचे कुलूप तो गोंधळ टाळू शकत नाही.

४/
दुसरा युक्तिवाद आजही खोडता येणार नाही. पहिला मात्र एका खोलीतल्या परिचितांपुरता खरा होता. बेल लॅब्जमधील ती यंत्रे वापरणारी मंडळी एकमेकांना ओळखत होती. युनिक्स त्या खोलीबाहेर पडला, विद्यापीठांत आणि कंपन्यांत पोचला, आणि त्यावर पैशांचे हिशेब व मालाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, तसे हे गृहीतक ढासळले.

५/
मग लोकांनी घरगुती उपाय काढला. फाइलीला कुलूप लावता येत नाही ना? तर शेजारी दुसरी एक रिकामी फाइल निर्माण करायची. ती तेथे दिसली की आत कोणीतरी आहे असे समजायचे. काम झाले की ती पुसून टाकायची. टपालफाइलीच्या नावापुढे ‘डॉट लॉक’ जोडून केलेली खूणफाइल याच जातीची.

यात एक मेख आहे. ‘खूण आहे का’ हे आधी पाहायचे आणि नसेल तर मग निर्माण करायची, असे दोन टप्पे ठेवले, तर दोघांनाही एकाच क्षणी ती नाही असे दिसू शकते. पाहणे आणि करणे ही एकच अखंड क्रिया असली पाहिजे. ‘लिंक’ या जुन्या सिस्टीम कॉलमध्ये हा गुण होता : नवे नाव आधीपासून असेल तर तो ठाम नकार देई. पुढे ‘ओपन’ला ‘फक्त नवीच असेल तर निर्माण कर’ असा खास संकेत मिळाला.

६/
खूणफाइलीचा खरा आजार मात्र वेगळा. खूण ठेवणारा प्रोग्राम मध्येच कोसळला, तर ती तशीच पडून राहते. घरात माणूस नाही आणि दार आतून बंद!

उपाय म्हणून खूणफाइलीत प्रोसेसचा क्रमांक लिहिण्याची पद्धत आली. नंतर येणाऱ्याने क्रमांक वाचावा, त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का ते कर्नेलला विचारावे, नसल्यास खूण पुसावी. येथेही दोघे एकदम आले, दोघांनी मृत क्रमांक वाचला, पहिल्याने जुनी खूण पुसून आपली ठेवली आणि दुसऱ्याने जुनी समजून नेमकी तीच पुसली, की मूळ दुखणे परत हजर.

७/
मोडेमवरून यंत्रायंत्रांत फाइली व पत्रे पोचवणारी यूयूसीपी ही व्यवस्था याच खुणांवर चाले. दूरध्वनीची लाइन एकाच वेळी दोघांनी वापरू नये, म्हणून ‘एलसीके’ने सुरू होणाऱ्या खूणफाइली ठेवल्या जात. जुनी यूयूसीपी त्यांत प्रोसेस क्रमांक द्विमान रूपात लिही. हनीमन, नोविट्झ आणि रेडमन या त्रयीने १९८३ च्या सुमारास नव्याने लिहिलेली आवृत्ती, जिला त्यांच्या नावांवरून ‘हनी-डॅन-बर’ म्हणतात, तोच क्रमांक दहा अक्षरांच्या दशमान आकड्यांत लिही.

आता एकाच यंत्रावर एक प्रोग्राम जुन्या वळणाचा आणि दुसरा नव्या वळणाचा असेल, तर काय होईल? एकाने लिहिलेला क्रमांक दुसरा भलताच वाचील, तशी प्रोसेस अस्तित्वात नाही असे ठरवील, आणि चालू असलेल्या कामाची खूण बेलाशक पुसून टाकील. आशय तोच, लिपी वेगळी. मोडी न येणाऱ्याने खत हाती घेऊन ते कोरे आहे असा निवाडा द्यावा, त्यातला हा प्रकार.

८/
१९८० च्या दशकाच्या आरंभी कर्नेलमधली खरी कुलुपे आली, आणि आली ती दोन घराण्यांतून दोन स्वभाव घेऊन.

जॉन बास यांनी फाइलीच्या ठरावीक भागाला कुलूप लावणारा ‘लॉकिंग’ हा कॉल तयार केला होता. त्याच विचारधारेतला ‘लॉकएफ’ १९८४ च्या यूएसआर-ग्रुपच्या प्रमाणकात समाविष्ट झाला. एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्ह घराण्यात ‘एफसीएनटीएल’ या कॉलमधून हीच सोय मिळाली : अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत, वाचकांसाठी सामाईक किंवा लेखकासाठी अनन्य.

इकडे बर्कलीच्या ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये ‘फ्लॉक’ आणला. त्यात भागबिग काही नाही. कुलूप लावायचे तर सबंध फाइलीला.

९/
वरवर पाहता फरक एवढाच, की एकाला फाइलीचा तुकडा कुलूपबंद करता येतो आणि दुसऱ्याला नाही. मग तुकड्यांचे कुलूप शून्यापासून अखेरपर्यंत लावले की झाला फ्लॉक! पुष्कळांनी असेच मानले. पण कुलूप कशावर लागते यापेक्षा ते कोणाच्या नावावर लागते, हा प्रश्न मोठा आहे; आणि तेथे ही दोन घराणी पाठीला पाठ लावून उभी आहेत.

१०/
फ्लॉकचे कुलूप उघडलेल्या फाइलीच्या नोंदीचे असते. प्रोसेसने ‘फोर्क’ करून अपत्य जन्माला घातले, तर तीच नोंद अपत्यालाही मिळते आणि कुलूप दोघांचे होते. शेवटचा धारक फाइल बंद करीपर्यंत ते टिकते. उलट, एकाच प्रोसेसने तीच फाइल दोनदा वेगवेगळी उघडली, तर त्या दोन नोंदी परक्या ठरतात आणि प्रोसेस स्वतःच्याच कुलपापाशी अडकू शकते.

एफसीएनटीएलचे कुलूप प्रोसेसचे असते. अपत्याला त्याचा वारसा मिळत नाही. प्रोसेस तीच फाइल कितीही वेळा उघडो, स्वतःच्या कुलपाशी तिचा कधीही तंटा होत नाही.

११/
याचा अर्थ प्रत्यक्षात काय, ते एका साध्या उदाहरणात दिसते. पार्श्वभूमीवर चालणारा एखादा सेवक-प्रोग्राम सुरू होतो, ‘माझी दुसरी प्रत चालू होऊ नये’ म्हणून एका फाइलीला कुलूप लावतो, मग रिवाजाप्रमाणे अपत्य निर्माण करतो आणि मूळ प्रोसेस निघून जाते. फ्लॉक असेल तर कुलूप अपत्याकडे शाबूत. त्याच प्रोग्रामला दुसऱ्या यंत्रावर फ्लॉकच्या नावाखाली एफसीएनटीएल मिळाले असेल, तर जन्मदाता गेला त्या क्षणी कुलूपही गेले. दुसरी प्रत सुखेनैव सुरू होते. दोघी एकच फाइल लिहू लागतात.

१२/
एफसीएनटीएलच्या स्वभावात याहून विलक्षण एक कलम आहे. प्रोसेसने एखाद्या फाइलीचा कोणताही डिस्क्रिप्टर बंद केला, तर त्या फाइलीवरची तिची सारी कुलुपे सुटतात. कुलूप ज्या डिस्क्रिप्टरमधून लावले तोच बंद व्हायला हवा, असे नाही. कोणताही चालतो.

समजा, एका प्रोग्रामने वापरकर्त्यांच्या पासवर्ड-फाइलीला कुलूप लावले. मग एका वापरकर्त्याचे नाव शोधण्यासाठी त्याने सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील एक निरुपद्रवी फंक्शन बोलावले. ते फंक्शन आपल्यापुरती तीच फाइल उघडते, वाचते, बंद करते. कुलूप गेले. बोलावणाऱ्याला पत्ताही नाही. आपल्या किल्लीने उघडून आत आलेल्या पाहुण्याने निघताना घराची सारी कुलुपे उघडी टाकून जावे, आणि कायद्याने ते रास्त ठरावे, असा हा न्याय.

१३/
१९८८ च्या पोझिक्स प्रमाणकाने नेमके हेच वळण स्वीकारले. बीएसडी घराण्याचा राग एवढा, की त्यांच्या एफसीएनटीएलच्या अधिकृत माहितीपृष्ठावर या अर्थव्यवस्थेला सरळ सरळ मूर्खपणाची म्हटले आहे. सिस्टीम फाइव्ह आणि १९८८ चे प्रमाणक, दोघांचीही नावे घेऊन. तांत्रिक दस्तऐवजात इतका उघडा त्रागा विरळाच. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा कागद सापडला की तो आनंदतो, कारण बखरीतल्या सौजन्यामागची खरी भाऊबंदकी अशाच जागी दिसते.

१४/
आता सोंगाकडे. पर्ल ही भाषा १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी प्रसिद्ध केली. तिच्या बांधणीआधी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट त्या यंत्राची कसून चौकशी करते : येथे फ्लॉक आहे का? एफसीएनटीएलची कुलुपे आहेत का? लॉकएफ तरी? पर्ल लिहिणाऱ्याला मात्र कोठेही गेले तरी ‘फ्लॉक’ हेच एक नाव दिसते. खरा फ्लॉक असेल तर तो, नसेल तर एफसीएनटीएलला फ्लॉकचा अंगरखा, तेही नसेल तर लॉकएफला.

१५/
लॉकएफला हा अंगरखा फारच अपुरा पडतो. लॉकएफला सामाईक कुलूप ठाऊक नाही. त्याच्या लेखी प्रत्येक कुलूप अनन्य. म्हणजे दहा वाचक एकत्र वाचू शकले असते, तेथे ते रांगेत उभे राहतात. त्याला फाइल लिहिण्यासाठी उघडलेली लागते, मग हेतू केवळ वाचनाचा का असेना. शिवाय ते फाइलीतील चालू स्थानापासून पुढे लागते. म्हणून पर्लमधले अनुकरण आधी चालू स्थान टिपून ठेवते, फाइलीच्या आरंभी जाते, कुलूप लावते, आणि निमूटपणे जुन्या जागी परत येते.

नकाराचे शब्दही जुळवून घ्यावे लागतात. ‘आत्ता मिळणार नाही’ हे सांगायला एफसीएनटीएलच्या घरी दोन वेगळे त्रुटी-संकेत चालतात, फ्लॉकच्या घरी तिसरा अपेक्षित असतो. अनुकरण करणारे फंक्शन दुभाष्यासारखे मध्ये बसून पहिल्या दोहोंचे भाषांतर तिसऱ्यात करते.

१६/
हे सारे प्रामाणिक कारागिरीचे काम आहे, आणि पर्लच्या दस्तऐवजात या मर्यादा लपवलेल्या नाहीत. तरीही मालकी कोणाची, हा स्वभावभेद अनुकरणाला भरून काढता येत नाही. मराठीत म्हण आहेच : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. येथे पैशाच्या जागी वारसा घालावा. एफसीएनटीएलला सबंध फाइल कुलूपबंद करण्याचे सोंग आणता येते. आपले कुलूप अपत्याच्या हाती देण्याचे आणता येत नाही.

१७/
पेशवेकालीन कागद वाचणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, असे नवशिक्याला सांगतात. पण सुहूर वर्ष मृगाला पालटते, जानेवारीत नाही. त्यामुळे वर्षाच्या उत्तरार्धातील कागदाला ६०० मिळवावे लागतात. सूत्र बहुतेक वेळा बरोबर येते, म्हणूनच ते चुकते तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही. फ्लॉकचे अनुकरणही रोजच्या शंभर प्रसंगांत चोख वागते.

१८/
लिनक्सचा प्रवास बोलका आहे. त्याच्या सुरुवातीच्या काळात फ्लॉक हे सी ग्रंथालयात एफसीएनटीएलवर रचलेले सोंगच होते. कर्नेल २.० पासून तो स्वतंत्र सिस्टीम कॉल झाला, आणि तेव्हापासून स्थानिक फाइलींवर ही दोन कुलुपे एकमेकांना पाहतच नाहीत. एकाने फ्लॉक लावावा, दुसऱ्याने एफसीएनटीएल. दोघांनाही वाटते, आपण एकटेच आत आहोत. फ्रीबीएसडीवर नेमके उलट : तेथे एकाचे कुलूप दुसऱ्याला दिसते. त्यामुळे सुरक्षिततेच्या अतिउत्साहात एकाच प्रोग्रामने दोन्ही लावायचे ठरवले, तर लिनक्सवर ते निभावते. फ्रीबीएसडीचे माहितीपृष्ठ मात्र एका प्रोसेसने एकच पद्धत वापरावी असे बजावते.

१९/
त्यात नेटवर्कची भर पडली. सनच्या एनएफएसमुळे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर दिसू लागली. पण मूळ रचनेत सर्व्हरने कोणाचीही आठवण ठेवायची नव्हती, आणि कुलूप म्हणजे तर आठवणच. म्हणून कुलुपांसाठी वेगळा प्रोटोकॉल आणि वेगळे सेवक-प्रोग्राम उभे करावे लागले. लिनक्सवर फ्लॉक दीर्घकाळ फक्त त्या त्या यंत्रापुरता मर्यादित राहिला. २.६.१२ पासून एनएफएसवरील फ्लॉकचे रूपांतर सबंध फाइलीवरील बाइट-कुलपात होऊ लागले, म्हणजे २.० मध्ये उतरवलेले सोंग नेटवर्कपुरते पुन्हा चढले. एनएफएसवर अनन्य कुलपासाठी फाइल लिहिण्यास उघडलेली असावी लागते, ही जुनी अटही त्याबरोबर परतली.

२०/
खूणफाइलीलाही एनएफएसने पेचात टाकले. ‘फक्त नवीच निर्माण कर’ हा संकेत जुन्या एनएफएसवर विश्वासार्ह नव्हता. मग जाणत्यांनी ‘लिंक’चा आश्रय घेतला : यंत्राचे नाव व प्रोसेस क्रमांक जोडून एक अद्वितीय फाइल करायची, तिला खुणेच्या नावाने लिंक करायचे, आणि कॉलने काय उत्तर दिले याकडे दुर्लक्ष करून त्या अद्वितीय फाइलीची नावे मोजायची. दोन भरली तर कुलूप आपले. उत्तरावर विश्वास का नाही? काम झाले पण ‘झाले’ हा निरोप नेटवर्कात हरवला, तर पुन्हा केलेल्या मागणीला ‘आधीच आहे’ असा नकार येतो. निरोप खोटा ठरू शकतो. मोजणी ठरत नाही.

२१/
टपालफाइलीच्या कुलपावर अखेर तह झाला. डेबियनच्या नियमावलीने सांगितले : टपालफाइलीला आधी एफसीएनटीएल लावा, मग खूणफाइल ठेवा. दोन्ही, आणि याच क्रमाने. क्रम महत्त्वाचा, कारण एकाने खूण धरून कुलपाची वाट पाहायची आणि दुसऱ्याने कुलूप धरून खुणेची, असे झाले तर दोघेही जागेवर गोठतात. प्रोकमेल हा टपाल वाटणारा प्रोग्राम तर बांधणीच्या वेळी यंत्रावरची कुलुपे खरोखर लावून पाही आणि जी चालतात तीच वापरी.

डॅनियल बर्नस्टीन यांनी क्यूमेलबरोबर आणलेल्या ‘मेलडिर’ने प्रश्नच बदलला. प्रत्येक पत्राला स्वतःची फाइल, स्वतःचे अद्वितीय नाव. आधी एका कप्प्यात पुरे लिहायचे, मग दुसऱ्या कप्प्यात सरकवायचे. अर्धवट पत्र कोणाला दिसतच नाही, मग कुलूप कशाला? १९७४ च्या त्या लेखकांना ही तोड पसंत पडली असती, असा तर्क करण्याचा मोह होतो.

२२/
सक्तीचे काय, असा प्रश्न येथे यावा. वरची बहुतेक कुलुपे उपदेशवजा आहेत. ज्याने ती विचारलीच नाहीत, त्याला ती अडवत नाहीत. सिस्टीम फाइव्हने सक्तीची कुलुपेही आणली होती : फाइलीच्या परवान्यांत सेटजीआयडी लावायचा आणि गटाचा चालवण्याचा हक्क काढून घ्यायचा, या एरवी निरर्थक जोडीतून ती जागी होत. लिनक्सनेही ती घेतली, फार कोणी वापरली नाहीत, आणि २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली.

२३/
मालकीचा वाद मिटायला मात्र बराच काळ लागला. २०१४ मध्ये लिनक्स ३.१५ ने बाइटांच्या पट्ट्यांवरचे, पण उघडलेल्या फाइलीच्या नोंदीच्या मालकीचे कुलूप आणले. म्हणजे व्याप्ती सिस्टीम फाइव्हची, वारसा बर्कलीचा. पोझिक्सने २०२४ च्या आवृत्तीत ते प्रमाण मानले. बर्कलीच्या फ्लॉकला तोवर ४१ वर्षे झाली होती.

२४/
तोवर लोक थांबले नव्हते. रिचर्ड हिप यांच्या एसक्यूलाइटने पोझिक्सच्या त्या बंद-करण्याच्या कलमावर स्वतःचा उतारा काढला. एकाच प्रोसेसमध्ये कोणती फाइल कितीदा उघडली आहे याचे टिपण ते ठेवते, आणि कुलूप चालू असताना कोणी डिस्क्रिप्टर बंद करायला सांगितले, तर तो बाजूला काढून ठेवते. सारी कुलुपे सुटल्यावर मगच खरोखर बंद करते.

आणि त्याची कुलुपे लागतात कोठे? फाइलीत बरोबर १०७३७४१८२४ व्या बाइटपासून, म्हणजे एक गिगाबाइटच्या वेशीवर, ५१२ बाइटांच्या पट्ट्यात. फाइल लहान असली तरी अडचण नाही; जेथे फाइल पोचलेलीच नाही तेथेही कुलूप लावता येते. पट्ट्यातील एक बाइट ‘येऊ घातलेल्या’ लेखकाचा, एक राखीव, आणि ५१० वाचकांचे. वाचकांना इतके का? विंडोज ९५ आणि ९८ वर सामाईक कुलूप नव्हते, म्हणून तेथे प्रत्येक वाचक या ५१० पैकी एक बाइट यदृच्छेने निवडून त्याला अनन्य कुलूप लावी, आणि लेखक सबंध पट्टाच मागे. सामाईक कुलपाचे तेही एक सोंग.

२५/
विंडोजवरील कुलूप सक्तीचे असल्याने त्या पट्ट्यात विदा ठेवणे शक्य नव्हते. एसक्यूलाइटने ती जागा कायमची सोडून दिली. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आज हीच विदासंचिका चालते. एखाद्या फोनमधला असा संच एक गिगाबाइटच्या वर वाढला, तर त्याच्या पोटात एक पान कोरे राहते. त्यावर काहीही लिहिले जात नाही.